मेंदू कोपीत घडतो, कायदा सहाव्या वर्षी सुरू होतो

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. भांडी, बाजरीचे पोते, अंथरूण, कोंबड्या, एखादी शेळी आणि या सगळ्या बोजाच्या वर लेकरे, असा संसार ट्रकवर नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर लादून माणसे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज, आष्टी, गेवराई, तालुका कोणताही घ्या. किती माणसे जातात याचा आकडा सरकार, संघटना आणि कारखाने वेगवेगळा सांगतात. तो लाखांत आहे याबद्दल मात्र कोणाचा वाद नाही.

या स्थलांतरावर लिहिणारे मजुरीच्या दरावर लिहितात, उचलीवर लिहितात, मुकादमाच्या मारहाणीवर लिहितात. लिहिलेच पाहिजे. शाळा सुटलेल्या मुलांवरही अधूनमधून लिहून येते. परंतु त्या ट्रॉलीवर, आईच्या मांडीवर बसलेले दीड वर्षाचे लेकरू कोणाच्याच यादीत नसते. ते मजूर नाही, विद्यार्थी नाही, मतदार तर नाहीच. आज लिहायचे आहे ते त्याच्याबद्दल.

काही वर्षांपूर्वी एका उचलीच्या भांडणात वकील म्हणून मला पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याच्या तळावर जावे लागले. माळरानावर दीडदोनशे कोप्या. सकाळी दहाची वेळ, मोठी माणसे पहाटे चारलाच फडात गेलेली. तळावर राहिली होती ती म्हातारी माणसे, कुत्री आणि लेकरे. आठेक वर्षांची एक मुलगी कडेवर भाऊ घेऊन बसली होती. भावाच्या हातात कोरड्या भाकरीचा तुकडा, नाकातून शेंबूड, डोळे एका जागी लागलेले. मी टाळी वाजवली, चुटकी वाजवली, त्याने पाहिलेसुद्धा नाही. दुपारी त्याची आई मोळ्या टाकून आली. आमच्याच समाजाची, केज तालुक्यातली. मी विचारले, बाई, एवढ्या लहानग्याला इथे असे सोडून जाता? ती म्हणाली, "मंग कुठं ठिवू वकीलसायेब? फडात न्यावं तर वाढ्यानं अंग चिरतंय, पाचटात इच्चूकाटा. खाडा केला तर मुकादम पैसे कापतोय. आता तुमीच सांगा कुठं ठिवू."

मी काय सांगणार? कायद्याची पदवी घेतलेल्या माणसाजवळ त्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. परत येताना गाडीत मला त्या उचलीच्या हिशेबापेक्षा त्या पोराचे ते न हलणारे डोळेच आठवत राहिले.

ते डोळे काय सांगत होते, हे पुढे वाचनातून कळत गेले. माणसाचे मूल जन्मते तेव्हा त्याचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे पाव हिश्श्याचा असतो. दोन वर्षांत तो पाऊण हिश्श्याच्या घरात जातो आणि सहा वर्षांपर्यंत नव्वद टक्क्यांच्या आसपास पोहोचतो. वजन वाढते हा त्यातला छोटा भाग. खरे काम चालते ते मेंदूतल्या पेशींच्या आपसातल्या जोडण्यांचे. पहिल्या काही वर्षांत अशा जोडण्या सेकंदाला लाखांनी तयार होतात, आणि ज्या वापरल्या जात नाहीत त्या पुढे गळून पडतात. पायवाटेसारखेच आहे. रोज पाय पडले तर वाट पक्की होते, पाय पडले नाहीत तर गवत माजते. आई बाळाशी बोलते, बाळ हुंकार देते, आई पुन्हा बोलते, या देवाणघेवाणीतून भाषेची, विश्वासाची, विचाराची वाट पडते. यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत. पोटभर अन्न लागते, आजारापासून बचाव लागतो, आणि जागे, थकून न गेलेले एक माणूस लागते.

अन्नाचे म्हणाल तर तान्ह्या बाळाच्या शरीराला मिळणाऱ्या ऊर्जेतला अर्ध्याहून अधिक वाटा एकटा मेंदू खातो. भाकरीचा तुकडा कमी पडला की आधी उंची खुंटते, आणि आतमध्ये काय खुंटले ते डोळ्यांना दिसत नाही. लोह, आयोडीन, प्रथिने यांची टंचाई गर्भातच सुरू होते. त्यात सततची भीती, एकटेपणा, रडूनही कोणी न येणे याची भर पडली की शरीरात ताणाची रसायने उतरत नाहीत आणि ती शिकण्याच्या, आठवण्याच्या यंत्रणेलाच त्रास देतात. रडून रडून ज्याच्याकडे कोणी येत नाही, ते मूल शेवटी रडणे थांबवते. लोक म्हणतात, किती गुणी पोरगं, अजिबात त्रास देत नाही! कोपीतल्या त्या पोराचे गप्प बसणे असलेच गुणीपण होते.

आता हिशेब करा. तोडणीच्या हंगामाला आपल्याकडे पट्टा म्हणतात. दसऱ्यानंतर सुरू झालेला पट्टा मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, म्हणजे पाच-सहा महिने. लेकराच्या पहिल्या सहा वर्षांत सहा पट्टे येतात, आणि पोटात असतानाचा सातवा. म्हणजे मेंदू घडण्याच्या काळातला जवळजवळ निम्मा काळ हे लेकरू कोपीत काढते. आणि सरकारची अंगणवाडी कुठे असते? ती गावात असते. सेविका तिथेच, वजनकाटा तिथेच, खिचडी तिथेच. कामगार जातो, अंगणवाडी जात नाही.

परमपूज्य बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या निबंधात समतेवरच्या आक्षेपाला उत्तर देताना माणसाची कुवत तीन गोष्टींवर अवलंबून असते असे मांडले आहे. एक, जन्मजात शरीर. दोन, समाजाकडून मिळणारा वारसा, म्हणजे आईबापांची निगराणी, शिक्षण, ज्ञान. आणि तीन, त्याची स्वतःची धडपड. जन्माने माणसे सारखी नसतील असे मान्य करूनही त्यांनी बजावले की समाजाला आपल्या माणसांकडून जास्तीत जास्त हवे असेल तर शर्यतीच्या आरंभीच त्यांना शक्य तेवढे सारखे करावे लागेल. आपण या निबंधातली जातीची चिरफाड पाठ करतो, हा भाग मात्र वाचून पुढे जातो. शर्यतीचा आरंभ कुठे असतो? पहिलीच्या वर्गात नव्हे. मेंदूशास्त्राने आज जे प्रयोगशाळेत दाखवले आहे त्यात आईबापांची निगराणी हा शब्द बाबासाहेबांनी नव्वद वर्षांपूर्वीच पहिल्या रांगेत बसवला होता.

त्यांच्या स्वतःच्या आयुष्याकडे पाहा. आई भीमाबाई लहानपणीच गेली. पण आत्या मीराबाईची माया होती, आणि वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिकवलेले, घरात पुस्तक होते, पाठांतर होते, पहाटे उठवून अभ्यास करून घेणारा बाप होता. लष्कराच्या नोकरीने महारांच्या काही घरांत हा वारसा पोहोचवला होता. अफाट बुद्धीला हे छत्र मिळाले म्हणून ती फुलली. अशी किती बुद्धी कोपीच्या दाराशी कोमेजत असेल, याची मोजदाद कोणी करणार आहे काय?

इथे दोन इशारे द्यायला हवेत, कारण हे शास्त्र दुधारी आहे. पहिला असा की, आरक्षणाचा विषय निघाला की टीव्हीवर बसून 'मेरिट, मेरिट' करणारे लोक उद्या म्हणतील, बघा, यांची बुद्धी लहानपणीच खुंटलेली असते, मग जागा कशाला राखून ठेवता? त्यांना सांगावे की जी दरी तुमच्या व्यवस्थेने तिसऱ्या वर्षीच पाडली ती अठराव्या वर्षी थोडी बुजवण्याचे काम आरक्षण करते. दरीच पडू द्यायची नसेल तर आधी पाळणाघर द्या, आणि ते देऊन होईपर्यंत आरक्षणाला हात लावू नका. जन्माने कोणी नीच वा श्रेष्ठ होत नाही हे तथागतांनी वसलसुत्तात सांगितले. मनूने याच्या उलट सांगितले. मेंदूशास्त्राने कौल कोणाच्या बाजूने दिला ते उघड आहे.

दुसरा इशारा आपल्यासाठी. तीन वर्षांत, सहा वर्षांत सगळे संपते असे शास्त्र म्हणत नाही. मेंदू पुढेही बदलतो, फक्त श्रम जास्त लागतात. कॅरिबियन समुद्रातल्या जमैका देशात १९८६-८७ मध्ये किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांतील १२९ खुंटलेली बालके निवडली गेली. नऊ महिने ते दोन वर्षे एवढ्या वयाची. त्यांतील काहींच्या घरी आठवड्यातून एकदा तासभर आरोग्य खात्याची साधी कार्यकर्ती जायची. घरातल्याच डब्याझाकणांची, चिंध्यांची खेळणी करायची, आईला बाळाशी खेळायला, बोलायला शिकवायची. दोन वर्षे एवढेच चालले. वीस वर्षांनी पाहिले तेव्हा या मुलांची कमाई तशाच पण भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे पंचवीस टक्क्यांनी जास्त निघाली. खुंटलेली नसलेल्या मुलांच्या बरोबरीला ती आली होती. ती कार्यकर्ती म्हणजे आपली अंगणवाडी सेविकाच की! डॉक्टर नाही, परदेशी तज्ज्ञ नाही. फरक एवढाच की तिला घरोघर जायला वेळ दिला होता. आपली सेविका ट्रॅकर भरते, सर्वेक्षण करते, निवडणुकीचे काम करते, आणि सरकारच्या लेखी ती नोकरदार नाही, मानधनी आहे. ग्रॅच्युइटीसाठीसुद्धा तिला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, एप्रिल २०२२ मध्ये तो हक्क मान्य झाला.

आता कायद्याकडे येतो, कारण खरी चोरी तिथे झालेली आहे आणि चळवळीत तिची फारशी चर्चा झालेली नाही.

भारतीय संविधानाचे मूळ कलम ४५ चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंतच्या सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याविषयी होते. त्यात वरची मर्यादा होती, खालची नव्हती. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली तेव्हा ते प्राथमिक शिक्षणापुरते आखडून घ्यावे अशी सूचना आली. बाबासाहेबांनी ती मान्य केली नाही. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर लावायला आपण बंदी घालतो आहोत, तर ते मूल तोवर शिक्षणसंस्थेत असले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढे १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाचा शिक्षणाचा हक्क मूलभूत मानला. खालची मर्यादा तिथेही नव्हती.

आणि २००२ मध्ये शहाऐंशीवी घटनादुरुस्ती आली. शिक्षण मूलभूत हक्क झाले म्हणून देशभर ढोल वाजले. कलम २१-अ मध्ये लिहिले, सहा ते चौदा. सहाच्या आतली लेकरे उचलून कलम ४५ मध्ये ठेवली, जिथे राज्य 'प्रयत्न करील' एवढेच आश्वासन आहे. मार्गदर्शक तत्त्वासाठी कोर्टात दाद मागता येत नाही, हे वकिलीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तीच रेघ पुढे ओढली. त्याच्या अकराव्या कलमात तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी शासन व्यवस्था 'करू शकेल' असे आहे. करू शकेल, म्हणजे नाही केली तरी चालेल. गंमत अशी की २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण स्वतःच लिहून ठेवते की मेंदूची पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते. ज्या वयात पंच्याऐंशी टक्के घडते त्या वयाला हक्क नाही आणि उरलेल्या पंधरा टक्क्यांना हक्क आहे! उच्चवर्णीय, मध्यमवर्गीय घराला याची झळ लागत नाही. तिथे आजी आहे, बाई आहे, नर्सरी आहे. झळ लागते ती ज्याची आई पहाटे चारला फडात जाते त्याला.

ऊसतोड कामगारांसाठी आजवर जे झाले तेही सहाच्या पुढचेच. साखरशाळा झाल्या, तेव्हाच्या औरंगाबादच्या जनार्थसारख्या संस्थांनी त्या मनापासून चालवल्या. मुलांना गावातच ठेवून जेवण देणारी हंगामी वसतिगृहे आली. २०२१ मध्ये राज्याने संत भगवानबाबा वसतिगृह योजना काढली, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे. चांगले आहे, विरोध नाही. पण वसतिगृहात अंगावर पिणारे लेकरू ठेवता येते काय? ते आईबरोबरच जाणार. आणि मोठ्या बहिणीचीही शाळा त्याच्यासाठी सुटते. कोपीवर धाकट्याला सांभाळणारी ती आठ वर्षांची मुलगी कोणत्या वसतिगृहात जाईल? पाळणाघर नसल्याने एका घरातली दोन बालपणे जातात.

तीच मुलगी पुढे चौदा-पंधरा वर्षांची होते. पट्ट्याच्या काळात तिला गावात कोणाच्या भरवशावर ठेवायचे, आणि नवराबायकोचा मिळून एक कोयता, त्यावर उचल, हा मुकादमाचा हिशेब. दोन्ही कारणांनी लग्न उरकले जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यात वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या २१.९ टक्के होत्या. बीडमध्ये हाच आकडा ४३.७ होता. जिचे स्वतःचे शरीर अजून वाढते आहे तिच्या पोटात वाढणाऱ्या गर्भाला काय मिळणार? मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढणाऱ्या सातव्या महिन्याच्या बाईच्या पोटातले ते बाळ जन्मतःच कमी वजनाचे निघाले तर दोष कोणाचा? आणि दोनतीन बाळंतपणे झाली की पिशवी काढून टाकायची. जून २०१९ मध्ये राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनीच विधिमंडळात सांगितले की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४६०५ स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया झाल्या. पाळी आली, दुखले, खाडा झाला, पैसे कापले, असा तो रस्ता होता.

बाबासाहेबांनी जुलै १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना म्हटले होते की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा, आणि ज्याला तिच्या कामाचा फायदा होतो त्या मालकावरही तो पडावा. शंभर वर्षे होत आली. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याचे चौथे कलम गरोदर व स्तनदा मातेला किमान सहा हजार रुपयांचा हक्क देते. प्रत्यक्षात मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला पाच हजार मिळतात, आणि दुसरे बाळ मुलगी झाली तरच सहा हजार. दुसरा मुलगा झाला तर त्याच्या आईला भूक लागत नाही, असे केंद्र सरकारला वाटत असावे.

मग मालक कोण? इथे खरी मेख आहे. कारखाना म्हणतो, तोडणी कामगार आमचे नव्हेत, मुकादमाचे. मुकादम म्हणतो, मी तर उचल वाटणारा हमाल. जुन्या फॅक्टरी कायद्यात तीसहून अधिक स्त्रिया कामाला असतील तर सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर सक्तीचे होते. पण फड म्हणजे फॅक्टरी नव्हे, या एका वाक्यावर कारखाने अनेक दशके सुटत आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये चार कामगार संहिता लागू झाल्या, पाळणाघराची अट आता पन्नास कामगारांवर गेली. एका तळावर पन्नास काय पाचशे हात राबतात. प्रश्न पुन्हा तोच, हे हात कोणाचे? गाळप कारखान्याचे, साखर कारखान्याची, तोडणी-वाहतुकीचा खर्च कारखान्याच्याच वहीत, आणि तोडणाऱ्या बाईचे लेकरू मात्र कोणाचेच नाही.

पैसा नाही असेही म्हणता येत नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे दहा रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे असे ठरलेले आहे. राज्याचे गाळप अलीकडच्या चांगल्या हंगामांत दहा कोटी टनांच्या आसपास गेले आहे. टनामागे वीस रुपये धरा, वर्षाचे दोनशे कोटी होतात. त्यातून तळातळावर पाळणाघर का उभे राहू नये?

आणि हे जमत नाही असेही नाही. डहाणूकडच्या बोर्डी-कोसबाडच्या वारली पाड्यांत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे फार पूर्वी करून दाखवले. मूल शाळेत येत नाही, गुरे घेऊन रानात जाते, तर शाळाच कुरणात न्यायची, म्हणून कुरणशाळा. बालवाडी मुलाच्या अंगणात न्यायची, म्हणून अंगणवाडी. नावातच जो अर्थ आहे तोच सरकार विसरले. लेकराचे अंगण सहा महिने कारखान्याच्या माळावर असेल तर अंगणवाडी तिथे गेली पाहिजे. आपल्याच मराठवाड्याने दुसरे उदाहरण घातले आहे. २००२ नंतर औरंगाबाद विभागात कुपोषणाविरुद्ध जे काम झाले त्यातून २००५ मध्ये राजमाता जिजाऊ मिशन उभे राहिले. गर्भापासून दोन वर्षे या काळावर नेमके लक्ष दिले गेले आणि २०१२ च्या पाहणीपर्यंत राज्यातल्या दोन वर्षांखालील मुलांतील खुजेपणा एकतृतीयांशाहून अधिक घटला. पुढे शासनाची नजर ढळली. पाच वर्षांखालील मुलांचा आकडा २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के आणि २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्के, म्हणजे गाडी जागच्या जागी.

ज्याला गावातच जमिनीचा तुकडा आहे तो कोयता लवकर टाकतो, हे आपण बीडमध्ये डोळ्यांनी पाहिले आहे. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहापासून ॲड. एकनाथ आव्हाडांच्या मानवी हक्क अभियानापर्यंत गायरानासाठी जो लढा झाला त्याकडे आपण पोटाचा आणि स्वाभिमानाचा लढा म्हणून पाहिले. तो लेकरांच्या मेंदूचाही लढा आहे. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरान अतिक्रमणे नियमित करण्याचे कबूल केले. ज्यांचा सातबारा अजून झाला नाही त्या घरातली लेकरे या दसऱ्यालाही ट्रॉलीवर चढणार.

आता थोडे कडू. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली तेव्हा आपण अमेरिकेतल्या काळ्या बांधवांच्या ब्लॅक पँथरचे नाव घेतले, बाणा घेतला. त्या ब्लॅक पँथरने जानेवारी १९६९ मध्ये ओकलंडच्या एका चर्चमध्ये काय सुरू केले होते? शाळेत जाण्याआधी मुलांना मोफत नाश्ता. बंदुकीचे फोटो आपल्यापर्यंत पोहोचले, अंडी आणि दूध पोहोचले नाही. त्यांना कळले होते की उपाशी मेंदूत क्रांती शिरत नाही. आपल्या गावोगावच्या बुद्धविहारांना आठवड्यातले सहा दिवस कुलूप असते. रविवारी वंदना, वर्षातून एकदा जयंतीला डीजे. त्या डीजेच्या भाड्यात वस्तीतल्या वीस लेकरांना काही महिने रोज एक अंडे मिळेल. विहाराच्या सतरंजीवर दोन आज्या आणि बारावी झालेली एक मुलगी सकाळचे चार तास बसली तरी निम्मे काम होते. जी कुटुंबे ज्येष्ठ मंडळींच्या भरवशावर तीन-चार वर्षांची मुले गावात ठेवून जातात, त्यांच्यासाठी हे यंदाच करता येईल. यात सरकारची परवानगी लागत नाही. ही टीका माझ्यावरही आहे, माझ्या वस्तीच्या विहाराची एक किल्ली माझ्याच घरात टांगलेली असते.

विहार मात्र माळरानावर जाऊ शकत नाही. तिथे सरकारलाच न्यावे लागेल, आणि त्यासाठी हातात एक चांगले हत्यार आहे. अन्नाच्या हक्काच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी आदेश दिला होता की ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान चाळीस मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती द्यावी, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना प्राधान्य द्यावे. पुढे २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या पाचव्या कलमाने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला स्थानिक अंगणवाडीतून मोफत आहाराचा हक्क दिला. कायद्यात 'मूळ गावातील' असे कुठेही लिहिलेले नाही. दोनशे कोप्यांच्या तळावर चाळीस लेकरे सहज भरतात. तीन महिन्यांत पट्टा निम्म्याहून अधिक उलटतो, म्हणून मागणी गाव सोडण्याआधीच करायला हवी. टोळी कोणत्या कारखान्याला जाणार हे मुकादमाला उचलीच्या वेळीच माहीत असते.

तेव्हा तालुक्यातालुक्यांतल्या कार्यकर्त्यांनी यंदा उचली वाटल्या जात असतानाच टोळीवार यादी करावी. लेकराचे नाव, जन्मतारीख, आईचे नाव, गावच्या अंगणवाडीचा क्रमांक, जाणार त्या कारखान्याचे व तळाच्या गावाचे नाव, एवढे पुरे. अर्ज दोन ठिकाणी द्यावा, आपल्या तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे आणि जिथे तळ पडणार त्या तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे. प्रत तळाच्या ग्रामपंचायतीला आणि कारखान्याच्या शेतकी कार्यालयाला. पोच घ्यावी, पोच दिली नाही तर रजिस्टर पोस्टाने पाठवावा. महिनाभरात हालचाल दिसली नाही तर अन्न सुरक्षा कायद्याखाली नेमलेल्या जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार, तिथून राज्य अन्न आयोगाकडे. यादीत गरोदर बायांची नावेही वेगळ्या रकान्यात लिहावीत, कारण चौथ्या कलमाने त्यांच्या पोटातल्या लेकरासाठीच्या आहाराचा हक्क आधीच मान्य केलेला आहे.